अजून अर्धा आटा

...आणि वर मलाच ऐकवतात, "तुझ्या हातात आता जोर राहिला नाही, वासंती!" जोर राहिला नाही? अहो, लोणच्याच्या बरणीचं झाकण आहे ते, खडकवासल्याचा दरवाजा नव्हे! पण सांगणार कोण? तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी एकदा बंद केलेली वस्तू पुन्हा उघडणं हे माणसाचं काम नाही. मी ते झाकण गरम पाण्यात धरते, दाराच्या फटीत चिमटते, खाली सतरंजी टाकून दोन पायांत बरणी आवळून बसते... ह्या वयात! शोभतं का? शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या शर्मिलाकडे जाते. ती जिममध्ये शिकवते, ही एवढाली वजनं उचलते, पण तीसुद्धा परवा बरणी बघून म्हणाली, "काकू, हे काकांनी लावलंय का? मग आज नको हं, मला उद्या क्लास घ्यायचाय."

कारण काय, तर "अजून अर्धा आटा!" हे आमच्या श्यामसुंदररावांचं घोषवाक्य. नळ बंद केला. धार थांबली. थेंब थांबला. मग सोडावा ना हात? छे! डोळे मिटून, दात खाऊन, जिभेचं टोक बाहेर काढून... "अजून अर्धा आटा!" की गेला वायसर! आमच्याकडचे प्लंबर टिकत नाहीत हो. एक येतो, नळ बघतो, माझ्याकडे बघतो, ह्यांच्याकडे बघतो, आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाही. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर धरणांच्या दारांच्या फायलींवर सह्या केल्या, पण एक दार कधी स्वतःच्या हातानं बंद करायला मिळालं नाही. त्याचा सगळा वचपा आता माझ्या स्वयंपाकघरात निघतोय.

बरं, नुसत्या वस्तूंचं असतं तर मी सोसलं असतं. माणसांनाही तेच! आमची कादंबरी, एकुलती एक मुलगी. तिला स्थळं बघत होतो तेव्हा एक मुलगा आला, चांगला होता हो, म्हणाला, "मला वाचनाची आवड आहे." झालं! बास ना! नाही. "काय वाचता? शेवटचं काय वाचलंत? त्याच्या आधीचं? त्याला प्रस्तावना कोणाची होती?" अजून अर्धा आटा! तो मुलगा पोहे अर्धे टाकून गेला, तो गेलाच. शेवटी कादंबरी म्हणाली, "आई, मी कुणाशीही लग्न करीन, फक्त बाबांसारख्या माणसाशी करणार नाही. मला बरोब्बर उलटा माणूस पाहिजे." आणि तिचा तिनंच शोधला. तेजस.

तेजस वसमतचा, हिंगोली जिल्हा. इथे आयटीत. शांत, हसरा, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. मी म्हटलं, वा, पोरीनं खरंच उलटा शोधला! पण पहिल्या भेटीत ह्यांनी त्याची अशी उलटतपासणी घेतली... वसमत नेमकं कुठे, हळद कुठली चांगली, तुमच्या कंपनीत तुम्ही नेमकं करता काय, नाही पण नेमकं?... की तो बिचारा ह्यांना "सर" म्हणायला लागला. लग्न झालं, तरी सर. दिवाळसण झाला, तरी सर. "सर, आमटी घ्या ना, सर." आपल्याच जेवणाच्या टेबलावर! हे दाखवायचे नाहीत, पण तो शब्द ह्यांना लागायचा. एकदा मला म्हणाले, "मी काय त्याचा हेडमास्तर आहे का गं?" मी म्हटलं, "आहातच की." चष्मा काढून पुसायला लागले. आणि मग मलाच वाईट वाटलं.

त्याच दिवाळसणाला आमचा नळ गळत होता. का गळत होता, ते आता तुम्हाला सांगायला नको. तेजस काही न बोलता उठला आणि त्यानं खिशातून ती प्लंबर लोकांची पांढरी टेप काढली. खिशातून! जावई दिवाळसणाला खिशात टेप घेऊन येतो, हे तुम्ही कधी ऐकलंय? नळाला अशी गुंडाळली, अशी गुंडाळली, की नळ मफलर घातल्यासारखा दिसायला लागला. पण गळणं थांबलं! ह्यांना काही ते पटलं नाही. "टेप लावणं म्हणजे माघार घेणं," म्हणाले. "आटे नीट आवळले तर टेप लागतेच कशाला?"

तर ही अशी दोन माणसं. आणि मधे आली गाडी.

तेजसची गाडी हो! सेकंडहँड, पण परदेशी बनावटीची, लांबलचक, काळीभोर. तिचा सांगाडा म्हणे ॲल्युमिनियमचा. मी म्हटलं, "म्हणजे आपल्या पातेल्यासारखा?" तर तेजस हसला, म्हणाला, "हो आई, तसाच, फक्त हे पातेलं फार नाजूक आहे." रोज सकाळी तिला पुसणार, खाली वाकून बघणार, कुठे ओरखडा नाही ना... कादंबरीला ताप आला तेव्हा एवढा वाकून नव्हता बघितला. तर झालं काय, त्याच्या चुलतभावाचं लग्न निघालं वसमतला. तिकडचा रस्ता उखडलेला, गाडी खाली टेकते, म्हणून दोघं रेल्वेनं निघाले. धायरीला त्यांच्या सोसायटीत पाइपलाइनसाठी सगळं पार्किंग खणून ठेवलेलं, म्हणून गाडी आणून लावली आमच्या पार्किंगमध्ये. निघताना तेजसनं चावी ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाला... अहो, मी माझ्या कानांनी ऐकलं... "बाबा, गाडीकडे जरा बघा हं."

बाबा!

ह्यांनी खोकला काढला, "हो हो, बघतो बघतो," म्हणत गॅलरीत गेले, उगीचच कुंड्यांना पाणी घातलं. कुंड्यांना मी सकाळीच पाणी घातलं होतं. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तरी उभे. मग आत येऊन मला, "काय म्हणाला, ऐकलंस?" म्हटलं, "ऐकलं. गाडीकडे बघा." "ते नाही गं! त्याच्या आधीचा शब्द!"

आता मला सांगा, मराठीत "गाडीकडे बघा" म्हणजे काय? म्हणजे खिडकीतून बघा! येताजाता बघा! कुणी टेकून उभं राहिलं तर दोन शब्द सुनवा, जे आम्हाला शिकवावे लागत नाहीत! पण ह्यांनी काय अर्थ काढला? "जावयानं विश्वासानं सांगितलंय, बघा म्हणून. म्हणजे काहीतरी असणार. मुलगा संकोची आहे, उघड बोलायचा नाही." आणि पान्यांचा डबा घेऊन चालले खाली! मी म्हटलं, "अहो, बघायला पाना कशाला लागतो?" तर मला म्हणतात, "नुसतं डोळ्यांनी काय दिसतं?"

बॉनेट उघडलं. आत इंजिनावरून एक आडवी पट्टी गेलेली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दोन्ही टोकांना बोल्ट. ह्यांनी एक बोल्ट बोटांनी हलवून पाहिला. हलला नाही. म्हणजे घट्टच आहे ना? हो की नाही? "जरासा सैल वाटतोय," म्हणाले. बोटानं न हलणारा बोल्ट सैल! पाना लावला, डोळे मिटले, जिभेचं टोक बाहेर... मी ओरडले, "अहो, नको!" पण तोवर आलंच तोंडातून, "अजून अर्धा आटा!"

कट्ट.

आणि मग बोल्ट लागला फिरायला. फिरतोय, फिरतोय, फिरतोय... आवळतही नाही आणि बाहेरही येत नाही! लग्नाच्या वरातीत नाचतो तसा, जागच्या जागी. आता शहाण्या माणसानं काय करावं? पाना ठेवावा, हात धुवावेत, देवाचं नाव घ्यावं. ह्यांनी काय केलं? "थांब, दुसऱ्या बाजूचा कसा आहे ते ताडून बघू." ताडून! दुसरा बोल्ट. कट्ट. तोही लागला फिरायला. ताडून झालं!

वर आले. हात धुतले, आणि तुम्हाला सांगते, नळ बंद केला तो नुसता टेकवला. थेंब गळत होता! आमच्या संसारात ह्यांनी नळ गळता ठेवलेला मी कधी बघितला नव्हता. मी घाबरलेच. कपाळाला हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाले, "गाडीचं जे व्हायचं ते होऊ दे गं. पण तो परत 'सर' म्हणायला लागला तर?"

एवढा मोठा माणूस, पण चेहरा बघवेना.

पण गप्प बसतील तर ते हे कसले! चहा पोटात गेला, आणि अंगातला कारागीर जागा झाला. भिंतीतला खिळा सैल झाला की आपण काय करतो? काडेपेटीची काडी घालतो भोकात, बरोबर? ह्यांनी गाडीत घातल्या! परदेशी गाडीत काडेपेटीच्या काड्या! बोल्टाच्या कडेनं ठोकून ठोकून बसवल्या आणि मला म्हणाले, "बघ, आता गच्च." गाडी पार्किंगमध्ये जरा मागेपुढे करून बघितली, तर खडखड, खडखड, खडखड. आधी जिथे आवाज नव्हता तिथे आवाज काढला! मी म्हटलं, "आता मुकाट्यानं गॅरेजला चला." आणि मी पण बसले शेजारी. कारण एकट्यांना पाठवलं, तर मेकॅनिकलाच अर्धा आटा आवळून येतील.

पहिलं गॅरेज स्वारगेटजवळ. मेकॅनिक उत्तरेकडचा, गाडीखाली झोपलेला, नुसते पाय बाहेर. हे त्या पायांना म्हणाले, "अहो, आमचे आटे गेलेत." आतून आवाज, "आटा? आटा बाजूवाले दुकान में, अंकल." "ते आटा नाही! आटे! आटे गया! बोल्ट का आटा!" मग तो बाहेर आला, बॉनेटमध्ये डोकं घातलं, बोल्ट बोटानं फिरवला आणि म्हणाला, "अंकल, चूडी गया." मी आधी माझे हात बघितले. म्हटलं, माझ्या बांगड्या तर आहेत जागेवर! तर त्यांच्या भाषेत आट्यांना चूडी म्हणतात. ह्यांचा आटा, त्याची चूडी, आणि मधे मी, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात पट्टीवरून निघालेली काडी. शेवटी त्यानं हात झटकले. "लोहा होता तो वेल्डिंग मार देता. ये अल्मुनियम है, पिघल जाएगा. हम नहीं छूते." म्हणजे ज्याला कुणी शिवत नाही, त्याला आमचे हे पाना लावून आलेले!

मग गेलो एका चकाचक सर्व्हिस सेंटरला. आत एसी, कॉफी, गाद्यांच्या खुर्च्या. एक मुलगी आली, हातात टॅब, अगदी गोड बोलणारी. पाचच मिनिटांत आत जाऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणते, "सर, तुमचा इन्सर्ट लूज झालाय." आता आमच्या पिढीला इन्सर्ट म्हणजे काय ठाऊक? शर्ट पँटमध्ये खोचणं! शाळेत मास्तर ओरडायचे ना, इन्सर्ट कर म्हणून? हे जागेवरून उठले, "सॉरी, सॉरी," म्हणाले, पाठ फिरवली आणि भर एसीत शर्ट खोचायला लागले! ती म्हणते, "सर, तो नाही, आतला." "आतला?" हे म्हणाले. अहो, ह्यांनी बनियनही खोचला!

तेव्हा कुठे तिनं टॅबवर चित्र काढून दाखवलं. ॲल्युमिनियम मऊ, त्यात सरळ आटे पाडले तर टिकत नाहीत. म्हणून भोकात एक पोलादी टोपण बसवतात, त्याच्या आत आटे असतात, आणि बोल्ट जातो त्या टोपणात. त्या टोपणाला म्हणायचं इन्सर्ट. जास्त आवळलं की टोपण भोकातून सुटतं आणि बोल्टासकट गरगर फिरायला लागतं. "कुणीतरी खूप जोर लावलाय, सर," ती म्हणाली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे कॉफीच्या मशीनकडे बघत होते. म्हणाले, "ते... मागच्या मेकॅनिकनं केलंय." ऐकलंत? मागच्या मेकॅनिकनं! इतका सफाईदार खोटेपणा मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "मग सर, आमच्याकडे हे रिपेअर होत नाही, पुढचा पूर्ण पार्ट बदलावा लागेल. मालकांची सही लागेल." मालकांची सही म्हणजे तेजसची! आम्ही कॉफी न पिता उठलो.

शेवटी कुणीतरी पत्ता दिला, धायरीला एक बद्रीनाथ आहे, तो हेच काम करतो. धायरीला! म्हणजे तेजसच्या सोसायटीच्या बरोब्बर मागे! हे निघाले माकडटोपी घालून. मे महिन्यात! मी म्हटलं, "अहो, गाडी सगळे ओळखतात, टोपी तिला घाला."

बद्रीनाथ म्हणजे काय सांगू तुम्हाला... पत्र्याच्या शेडमध्ये फिरत्या खुर्चीवर बसलेला, गळ्यात चेन, आणि भिंतीवर सगळीकडे त्याचेच फोटो, गाड्यांना टेकून. देवांच्या तसबिरीपेक्षा ह्याच्या तसबिरी जास्त! नम्रपणा हा शब्द त्या शेडमध्ये कधी शिरलेला नाही. "आख्ख्या पुन्यात हे काम मीच करतो," म्हणाला, "दुसरा कोन न्हाय. असला तर मला दाखवा." मग बॉनेट उघडलं, बोल्ट फिरवला, आणि एकदम मान वर करून, "कुनी केलं?"

हे टोपीच्या आतून म्हणाले, "मागच्या मेकॅनिकनं."

तर हा माणूस आनंदानं खुर्चीतून उठला की हो! "मागचा मेकॅनिक! आवो काका, मी त्याला किती वर्षं शोधतोय! इथं जो येतो तो हेच सांगतो. डॉक्टर येतात, वकील येतात, परवा एक जज आले... सगळ्यांचं मागच्या मेकॅनिकनं केलेलं हाय! आख्ख्या पुन्याची वाट लावली त्या एका मान्सानं, आन् तो एकदाबी इकडं आला न्हाय. हे शेड त्याच्या जिवावर हुबं हाय. मला त्याचा सत्कार करायचाय!" आणि अहो, कपाट उघडून दाखवलं... शाल! आणि नारळ! "घेऊनच ठेवलंय," म्हणाला. "नारळ तेवढा मधनंमधनं बदलतो." ह्यांनी टोपी अजून खाली ओढली.

काम सुरू झालं. त्यानं बारीक छिन्नीनं ते टोपण धरलं, बोल्ट सोडवला, वरून ड्रिल मारून जुनं टोपण कापून काढलं. बोलणं अर्थात चालूच, ड्रिल मधे मधे आणि स्वतःचं कौतुक सारखं. पहिल्या भोकातून निघाल्या काड्या. "ह्या काड्या कुनाच्या?" "मागच्या मेकॅनिकच्या," हे म्हणाले. बरं. मग त्यानं चिमटा आणखी खोल घातला, आणि काड्यांच्या खालून ओढून काढली एक पांढरी टेप. निघतेय, निघतेय, जादूगाराच्या रुमालासारखी! "आन् ही टेपबी त्यानंच लावली म्हना की."

आणि आमच्या ह्यांचा असा संताप झाला! आयुष्यात ज्या माणसानं टेप लावली नाही, त्याच्यावर टेपचा आळ! टोपी काढून आपटली आणि गरजले, "टेप मी लावलेली नाही! मी फक्त काड्या घातल्या!"

ड्रिल बंद. बद्रीनाथ बघतोय. मी बघतेय. हे उभे, तोंड उघडं, आणि कळतंय हळूहळू, आपण काय बोललो ते.

"सापडला!" बद्रीनाथ ओरडला. "मागचा मेकॅनिक सापडला!" आणि तुम्हाला सांगते, ह्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, पाया पडला, स्वतः टाळ्या वाजवल्या आणि ह्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. आता तो भिंतीवर असेल. खात्यातल्या निरोप समारंभालासुद्धा ह्यांना शाल मिळाली नव्हती हो, ऐन वेळी संपल्या होत्या. इतकं लाजिरवाणं, पण मला हसू आवरेना. आणि हसता हसता माझी नजर गेली त्या टेपवर. पांढरी. गच्च गुंडाळलेली. मफलरासारखी. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पण तेच बघितलं. खिशात टेप घेऊन फिरणारा माणूस आमच्या ओळखीत एकच आहे.

मग बद्रीनाथनं भोक साफ केलं, एक माप मोठं नवं टोपण घातलं, त्याच्या हत्यारानं दाबलं, टक्! दुसऱ्या बाजूलाही तेच, टक्! पट्टी बसवली, नवे बोल्ट, आणि एक लांब पाना लावला, जो ठरलेल्या जोराला स्वतःच "कट्" करतो, म्हणजे बास. कट् झालं. त्यानं पाना काढला. हे पुढे सरकले. मला कळलं, पुढे काय येणार! शाल खांद्यावर, नारळ बगलेत, आणि तोंडातून, "अजून अर्धा..." बद्रीनाथनं ह्यांचं मनगट धरलं. "काका, सत्कार एकदाच होतो."

येताना गाडी अशी गप्प, की मला टायरचा आवाज ऐकू येत होता. मी म्हटलं, "आता तेजस आल्यावर सरळ सांगून टाका. टेप त्याची, काड्या तुमच्या, फिटंफाट." तर म्हणाले, "छे! त्याला ओशाळं वाटेल. मला 'बाबा' म्हणाला आहे तो." आणि तरी भीती जात नव्हती. सारखे पार्किंगमध्ये जाऊन, लांबूनच, हात मागे बांधून बघून यायचे. बघा, आता बघता आलं नुसतं!

दोघं आले वसमतहून. हळद आणली, लग्नाचे लाडू आणले. तेजस पहिला गेला खाली. आम्ही मागे. त्यानं बॉनेट उघडलं. ते दोन चकचकीत बोल्ट! अंधारात दात चमकावेत तसे! तो बघतोय. मान वर करून ह्यांच्याकडे बघतोय. हे कबुतराकडे बघतायत. आणि त्यानं तोंड उघडलं, "स..."

अहो, माझं काळीजच लक्ककन हललं! "स" म्हणजे "सर"च ना! ह्यांनी माझा हात धरला.

"स... सगळं ठीक ना, बाबा? म्हणजे ते उजवीकडचं... तिथं आधीपासूनच जरा... म्हणजे मी नाही, ते... मागच्या मेकॅनिकनं केलं होतं."

ह्यांच्या तोंडावर जी कळा आली! "अरे, हो हो हो! मागचाच! मी पण सगळ्यांना तेच सांगितलं!"

"फार बेकार माणूस, बाबा."

"नालायक! टेप लावून ठेवली होती त्यानं!"

तेजसनं मान खाजवली. कान लाल. "टेप... तशी चांगली असते बाबा, कधीकधी."

"वाईट नसते," हे म्हणाले. ह्यांनी! टेपला! जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट अर्धा आटा सैल सोडली माणसानं. मला तर भरूनच आलं. आणि शेजारी आमची कादंबरी... तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा बापाकडे बघितलं. दोघंही बॉनेटमध्ये वाकलेले, दोघांचीही जिभेची टोकं बाहेर! कपाळाला हात लावून म्हणते, "आई, मी उलटा शोधला होता ना गं?" मी म्हटलं, "शोधलास बाळा. पण आवळायची दिशा तीच निघाली."

सत्काराच्या नारळाच्या वड्या केल्या होत्या. त्या खाल्ल्या दोघांनी, मागच्या मेकॅनिकला शिव्या घालत घालत, आणि उठले. कुठे? माझ्या स्वयंपाकघरात! "बाबा, तो नळ बघू या का?" "बघू या की!" आता "बघू या" म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. एकानं टेप गुंडाळायची, दुसऱ्यानं म्हणायचं, "अजून अर्धा आटा!" मग पहिल्यानं पुन्हा टेप. मग दुसऱ्यानं... कट्ट! नळ तोटीसकट ह्यांच्या हातात, भिंतीतून कारंजं, आणि दोघंही चिंब भिजून, काय आनंदात हसतायत!

दुसऱ्या दिवशी नवा प्लंबर आला. भिंतीतलं भोक बघितलं, हातभर टेप बघितली, फिरलेले आटे बघितले, आणि ह्या दोघांसमोरच मला विचारलं, "बाई, कुणी केलं हो हे?" दोघं माझ्याकडे बघतायत. लहान मुलांसारखे. आणि मी... मी, जिनं आयुष्यभर शाळेत पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या... मी पदर खोचला, आणि म्हटलं,

"मागच्या प्लंबरनं."